घोडं असलं तर येते

रूथबाई लग्नाला आल्या की आधी घोड्याला भेटत. नवरा-नवरी, विहीण-व्याही, आहेर, जेवण हे सगळं त्यानंतर. दौंडमध्ये कुणी त्यांच्या हातात पत्रिका ठेवली, की चष्मा कपाळावर सरकवून त्या पहिला प्रश्न विचारत, "घोडं हाय का?" आहे म्हटलं तर म्हणत, "मग येते." नाही म्हटलं तर, "मग आहेर पाठवते." नवख्या माणसाला वाटे, बाई थाटमाट बघून लग्नाला जातात. बाई जात त्या घोड्याच्या बाजूने.

मी दौंडमध्ये लग्नाचे फोटो काढतो. त्यामुळे त्यांची माझी पहिली भेट लग्नातच झाली, आणि तीही कॅमेऱ्यातून. नवरदेव बग्गीत बसला होता, करवल्या एका रांगेत उभ्या केल्या होत्या, मी बटण दाबणार तेवढ्यात समोर एक बादली आली. बादलीमागून फिकट निळी सुती साडी नेसलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली एक उंच म्हातारी आली. तिने बादली घोड्यापुढे ठेवली आणि त्याच्या डोळ्यांवर लोंबणारी प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ मागे सारली.

मी म्हणालो, मावशी, जरा बाजूला व्हा, फोटो चाललाय.

"काढ की. मी कुठं नको म्हणते? नवरदेवानं सकाळपासून दोनदा सरबत प्यालंय, ह्यानं काय प्यालंय ते बघू दे मला."

नवरदेव मोठ्याने हसला. मी बटण दाबलं. पुढे त्या घरच्यांनी अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो लावला, बादलीसकट.

बाईंचे वडील दौंड स्टेशनवर टांगा चालवत. गाडीतून उतरलेली माणसं टांग्यात बसून गावात जायची, ते दिवस. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, घोड्याचं पाणी झाल्याशिवाय टांगा हलत नसे. पुढे रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि बाई शिक्षिका होऊन शिरूरला गेल्या. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. एकच मुलगी, ती पुण्यात. निवृत्त झाल्यावर बाई परत दौंडला चर्चमागच्या वडिलांच्या घरात राहायला आल्या, आणि बघतात तर टांगा गेला तरी घोडा सुटलेला नव्हता. तो आता सोनेरी बग्गीला जुंपलेला होता आणि डीजेच्या भिंतीमागून चालत होता.

गावात बग्गी एकच, इस्माईलची. त्याचे आजोबा आणि बाईंचे वडील एकाच स्टॅंडवर टांगे लावत, म्हणून बाई त्याला घरचाच समजत आणि घरच्यासारखंच बोलत. इस्माईल आधी पुण्यात होता. संध्याकाळी दिव्यांच्या झगमगाटात पोराटोरांना बग्गीतून फिरवायचा. तिथे जमेना, तेव्हा आपली पांढरी घोडी चांदणी घेऊन तो परत आला. माणूस वाईट नव्हता. घोडीला कधी चाबूक लावलेला मी पाहिला नाही. पण लग्नसराई आली की तो सुपारीला नाही म्हणत नसे, आणि सगळा भार चांदणीवर. त्यामुळे रूथबाई चौकात दिसल्या की तो बग्गी अलीकडच्या गल्लीत वळवायचा. बाई आडव्या बोळातून चालत जाऊन त्याच्या आधी पलीकडे हजर. मग चांदणीचा एकेक पाय उचलून खूर बघायच्या, लगामाखाली ओठ सोलवटलाय का बघायच्या, आणि त्याला म्हणायच्या, "तुझ्या तोंडात लोखंड घालून डीजेपुढं उभा करू का? मग कळंल."

एका मे महिन्यात कवठे येमाईला मोठं लग्न निघालं. नवरदेवाचे वडील गावातले वजनदार शेतकरी, सोसायटीचे पुढारी. सगळे त्यांना आप्पा म्हणत. शिरूरच्या शाळेत ते बाईंच्या हाताखाली शिकलेले, म्हणून बाईंना खास गाडी पाठवून आणलं होतं. फोटो माझ्याकडे होते आणि बग्गी इस्माईलची. आदल्या संध्याकाळी चांदणी दुसऱ्या एका लग्नात राबली होती, आणि त्या दिवशी सकाळपासून टेम्पोत उभी राहून दौंडहून आली होती.

नवरदेव मारुतीला जाऊन मांडवाकडे परत निघाला, तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. पोरं नाचत होती. मिरवणूक चार पावलं चालायची आणि एका गाण्याला थांबायची. डांबर पायाला चिकटत होतं. बाई आपल्या सवयीप्रमाणे घोडीच्या बरोबरीने चालत होत्या. मध्येच त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला, हात उलटा करून बघितला आणि इस्माईलला म्हणाल्या, "हिचा घाम थांबलाय. सोड हिला."

इस्माईलचा चेहरा उतरला. एवढ्या उन्हात घाम थांबला म्हणजे जनावर पडणार, हे त्यालाही कळत होतं. पण समोर मांडव दिसत होता आणि मागे आप्पांचे पाहुणे होते. एवढं पोचवतो आणि सोडतो, असं तो पुटपुटला. बाई बग्गीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

मिरवणूक थांबली तसे आप्पा पुढे आले. त्यांनी हात जोडले, अक्षतांना माणसं खोळंबलीत, मांडवापर्यंत तेवढं जाऊ द्या, म्हणून विनवलं. बाईंनी त्यांना शाळेतल्या नावाने हाक मारली.

"पोपट, घोडी मांडवापर्यंत पोचत न्हाई. नवरदेव पोचंल. त्याला पाय हायेत."

तेवढ्यात चांदणीचे पुढचे पाय दुमडले आणि ती बग्गीच्या दांड्यांमध्ये खाली बसली.

डीजे बंद झाला. एवढ्या माणसांत पहिली उडी मारली ती नवरदेवाने. शेरवानीसकट तो रस्त्यावर गुडघे टेकून इस्माईलबरोबर पट्टे सोडायला लागला. मग मात्र गाव हललं. बाई सांगत होत्या आणि माणसं पळत होती. कुणी ताडपत्री आणून सावली धरली. मठ्ठ्यासाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या पाण्याच्या पिंपात टाकल्या, आणि ते पाणी पैठण्या नेसलेल्या बायका तांब्यातांब्याने घोडीच्या मानेवर, पायांवर ओतू लागल्या. जनावरांचे डॉक्टर पाहुण्यांतच निघाले. पहिल्या पंगतीचा घास टाकून ते आले आणि सलाइनची बाटली त्यांनी बग्गीच्या सोनेरी छत्रीला टांगली. नवरदेव कुठे अडकला ते बघायला मुंडावळ्या बांधलेली नवरी मांडवातून बाहेर आली, आणि बघता बघता हातपंखा घेऊन घोडीला वारा घालायला बसली. इस्माईल चांदणीचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. बाई त्याला रागावतील असं मला वाटलं. त्या त्याच्या शेजारी रस्त्यावर बसल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने चांदणी उठली. मगच अक्षता पडल्या. मुहूर्त केव्हाच टळला होता, पण आमच्याकडे तो तसाही टळतोच. जेवणात मठ्ठा कोमट होता आणि कुणी तक्रार केली नाही.

त्या प्रकाराचा व्हिडिओ कुणीतरी काढला होताच. तो बघून पुण्याहून काही तरुण मुलं-मुली बाईंकडे आली. कळकळीची होती. इस्माईलविरुद्ध तक्रार करायची, बग्ग्यांवर बंदी आणायची, तुम्ही साक्ष द्या, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंदी आणा. पयली सही माझी घ्या. पण बंदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीम्होरं चारा कोण टाकणार, आन् इस्माईलच्या घरात चूल कशावर पेटणार, तेवढं मला आज सांगा." शहरात असे घोडे काम संपल्यावर रस्त्यावर सोडून दिल्याचं बाईंनी ऐकलं होतं. त्यांना ते इथे नको होतं.

पण त्या इस्माईललाही मोकळं सोडणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं, की चांदणी यापुढे जुंपायची नाही. पंधरा मिनिटांसाठी नाही आणि गावातल्या गावातही नाही. इस्माईलने विचारलं, मग बग्गी कोण ओढणार? बाई म्हणाल्या, ते मी बघते.

आणि त्यांनी बघितलं. आधी गाठलं आप्पांना. आप्पांच्या भाच्याचं एमआयडीसीत वर्कशॉप होतं, रिक्षांना बॅटऱ्या बसवायचं. बाई तिथे रोज जाऊन स्टुलावर बसू लागल्या. काम पुढे सरकत नाही असं दिसलं की पिशवीतून डबा काढून सावकाश जेवायला लागायच्या. शेवटी बाईंना घालवायला म्हणून त्या पोरांनी बग्गीला मोटर आणि बॅटरी बसवून दिली. पुण्याची ती मुलंही पुन्हा आली, आणि त्यांनी खटपट करून इस्माईलला पहिल्या काही सुपाऱ्या मिळवून दिल्या. चांदणीला आप्पांनी आपल्या शेतावर नेलं.

बिनघोड्याच्या बग्गीची पहिली फेरी बाईंना बसवून घालायची, असा इस्माईलचा हट्ट होता. बाई बसल्या, स्टेशनपर्यंत जाऊन आल्या आणि उतरताना म्हणाल्या, "बरी हाय. पर उतरल्यावर पाठ थोपटायला कुणी न्हाई."

बाई गेल्या वर्षी पुण्याला मुलीकडे वारल्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मुलगी त्यांना तिकडे घेऊन गेली होती. जायच्या आधी त्यांना चांदणीला एकदा बघायचं होतं, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून कवठ्याला नेलं. पाऊस नुकताच संपला होता. आप्पांच्या विहिरीजवळ लसूणघास कमरेइतका वाढला होता आणि चांदणी त्यात मोकळी चरत होती. अंगाने भरली होती. मानेवरचे पट्ट्याचे वळ केसांनी झाकून गेले होते.

बाईंनी कुंपणाशी उभं राहून हाक मारली. घोडीने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, कान हलवले आणि पाठ फिरवून परत घास खाऊ लागली. बाईंनी पुन्हा हाक मारली. या वेळी तिने मानही वर केली नाही.

मला वाईट वाटलं. ओळखलं नाही वाटतं, असं मी म्हणालो.

बाईंचा चेहरा मात्र उजळला होता.

"कशाला ओळखंल? पोट भरलंय, पाणी हाय, सावली हाय. आता तिला माणसाची काय गरज पडलीय?"

घोडी चरत चरत आमच्यापासून लांब, पार पलीकडच्या बांधापर्यंत गेली. बाई कुंपणाला टेकून तिच्याकडे बघत राहिल्या आणि प्रत्येक पावलाला मान डोलवत राहिल्या, वर्गातल्या पोराने पाढा न चुकता म्हणावा आणि बाईंनी ऐकत राहावं, तशा.