वरची शंभर मिनिटे

एका शिक्षकाने पाच तासांत चाळीस मुलांना प्रत्येकी दहा मिनिटे द्यायचे ठरवले, तर वेळ पुरतो का? हा प्रश्न सोडवण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. गणित चौथीतले मूलही करील. पाच तासांची मिनिटे तीनशे, चाळीस मुलांची चारशे. शंभर कमी पडतात. आमच्या मिनिटगुरुजींना ती कधीही कमी पडली नाहीत.

लोणारच्या पुढे दोन कोसांवर त्यांची एकशिक्षकी शाळा होती. चार वर्ग, एक खोली, एक गुरुजी. जिल्हा परिषद नवी होती, इमारत जुनी. मिनिटगुरुजी हे नाव गावाने ठेवलेले. कोणी दाखला मागायला आले, की ते म्हणत, "बोला पाटील, तीन मिनिटं हायेत." पाटलांचे बोलणे चौथ्या मिनिटात गेले, तर ते दाराच्या चौकटीशी बोलत राहत. गुरुजी तोवर तिसरीच्या मुलांपाशी पोहोचलेले असत.

गुरुजी महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली आणि काम समजून घेण्यासाठी मला पंधरा दिवस आधी पाठवण्यात आले. मी बुलढाण्याहून प्रशिक्षण घेऊन, मनगटावर नवे घड्याळ बांधून आलो होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी ते काढायला लावले. "खिशात टाका मास्तर. पोरं घड्याळाकडं पाह्यतीन, मंग पाटीकडं काऊन पाह्यतीन?"

त्यांची बैठक मी अन्यत्र कोठेही पाहिली नाही. चार वर्गांच्या चार तरटपट्ट्या चार भिंतींना लागून. प्रत्येक मूल भिंतीकडे तोंड करून बसलेले. मधल्या मोकळ्या चौकोनात गुरुजी अनवाणी फिरत. मुलांना ते दिसत नसत. पाठीमागे तपकिरीचा वास आला आणि खांद्यावर हात पडला, की आपली दहा मिनिटे सुरू झाली, एवढेच मुलाला कळे. मिनिटे संपली, की गुरुजी गेरूत बोट बुडवून पाटीच्या चौकटीवर एक ठिपका देत. शाळा सुटण्यापूर्वी ठिपके मोजायचे, मग ओल्या फडक्याने पुसायचे, हा नियम. मोजणी रोज चाळीस भरे.

काम समजून घ्यायचे म्हणजे मोजायचे, असे मला शिकवलेले होते. दाराशी बसून, घड्याळ मांडीवर ठेवून, गुरुजी कोणाजवळ किती मिनिटे आहेत हे मी वहीत टिपू लागलो. एकूण तीनशेच भरत. त्यांचे बोट गेरूत तीस वेळा जाई. ठिपके मात्र चाळीस. उरलेल्या दहांपैकी एकही ठिपका उमटताना मी पाहिला नाही. या भिंतीवर नजर ठेवावी, तर तो त्या भिंतीला उमटलेला असे.

एका मंगळवारी अडीच वाजता गुरुजी माझ्या डोळ्यांसमोर चौथीला त्रैराशिक शिकवत होते. त्याच वेळी समोरच्या भिंतीला बसलेल्या दुसरीतल्या सकीनाने सात आठे चोपन्न पुसून छप्पन्न लिहिले. ती पिंजाऱ्याची मुलगी, मोठी धीट. मी जवळ जाऊन विचारले, "तुला कोणी सांगितलं?"

"गुर्जींनं. आत्ताच तं होते मांगं."

"गुरुजी तिकडे आहेत, चौथीजवळ."

तिने वळून पाहिलेसुद्धा नाही. "तुमी मोजाले चुकले असान," ती म्हणाली. तिच्या पाटीवरचा ठिपका ओला होता.

सायंकाळी मी माझी वही गुरुजींसमोर ठेवली. त्यांनी ती तपासली, बेरीज बरोबर असल्याची खूण केली आणि म्हणाले, "पोरगं भिताडाकडं तोंड करून बसलं, की मांगं कोन उभं हाय हे त्याचं त्यालेच ठरवा लागते. मी नसलो तरी ते मले उभं करते."

"मग ठिपका कोण देतं?"

"ते मले नका इचारू. माह्या हातचे तीस. वरचे दहा कोनाचे, मी कधी पाह्यलं नाही. मांगं वळून पाह्याले वेळ कुठं हाय, मास्तर?" असे म्हणून ते हसले. मी मात्र हसू शकलो नाही.

उत्तराचा दुसरा भाग मला गुरुजींच्या पत्नीकडून, काकूंकडून मिळाला. पंधरा दिवस माझे जेवण गुरुजींच्याच घरी होते. शाळेतून निघून गुरुजी पाच वाजून वीस मिनिटांनी घरी पोहोचत, पाय धूत आणि भिंतीकडे तोंड करून पाटावर बसत. मग त्यांचे डोळे उघडे असत, एवढेच. एकदा मी त्याच वेळी तेथे होतो. काकूंनी चहा ठेवला. त्याला साय धरली.

"रोज असंच?" मी हळूच विचारले.

"रोज. दिवा लागला की येतात," काकू म्हणाल्या. त्यांनी 'उठतात' म्हटले नाही, 'येतात' म्हटले. "लेकीचं बाळंतपन झालं तवाबी असेच बसून होते. मी आधी लय भांडली. आता भितीसंग कोन भांडन?"

मी खिशातून घड्याळ काढले. गुरुजींनी मान वळवून "चहा निवला वाटते" म्हटले, तेव्हा सात वाजले होते. पाच वीस ते सात. मी तीनदा वजाबाकी केली. शंभर मिनिटे.

शेवटच्या दिवशी त्यांनी गेरूची वाटी माझ्या हाती दिली. "वेळ आखून घेत जा, मास्तर. वहीसारखी. पन समासाच्या भायेर लिहू नका." काकू मला दाराबाहेर वेगळे म्हणाल्या, "भाऊ, तुमी तीसच करा."

मी तीसच केले. परंतु महिन्याभराने तपासणी होती. साहेब प्रत्येक मुलाला उभे करून विचारणार होते. निकाल घसरला, तर शाळा मोडून मुलांना नदीपलीकडच्या गावी पाठवण्याचे घाटत होते. सकीनाच्या वडिलांनी मला आधीच सांगून ठेवले होते, "नदीपार मी पोरीले धाडनार नाही, गुर्जी. इथं हाय तोवर शिकन." गावातल्या सर्वच मुलींची हीच गोष्ट होती.

रोज दहा पाट्या कोऱ्या राहू लागल्या. मी पाळी लावली. आज राहिलेल्यांना उद्या पहिले. तरी माझ्याच चुकीने सकीना दोन दिवस सलग राहिली. सुटायच्या वेळी ती भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "आज मांगं कोनीच नाही आलं."

त्या संध्याकाळी मी भाड्याच्या खोलीत परतलो, पाय धुतले आणि सकीनाचा सातचा पाढा कोठे अडतो याचा विचार करीत क्षणभर भिंतीकडे तोंड करून बसलो. शेजारी दिवा लागल्याचे दिसले, म्हणून घड्याळ पाहिले. सात वाजले होते. दुसऱ्या दिवशी माझे बोट गेरूत तीसच वेळा गेले. सुटताना मी ठिपके मोजले. चाळीस होते.

तपासणीत चाळीसही मुले उभी राहिली आणि एकही अडले नाही. शाळा राहिली.

हे सांगायला मी गुरुजींकडे गेलो. ते अंगणात काकूंबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. वेळ सायंकाळी सहाची होती आणि ते बोलत होते. काकू हसून म्हणाल्या, "शाळा कायमची सुटली त्या दिवशी घरी आले, माह्याकडं पाह्यलं अन् इचारतात, 'तुह्ये केस कवा पांढरे झाले वं?' मी म्हनलं, झाले हळूहळू, तुमच्या मांगं." गुरुजी मान खाली घालून शेंगा फोडत राहिले. शाळेविषयी त्यांनी काही विचारले नाही. निघताना एवढेच म्हणाले, "लग्न ठरलं म्हनतात तुमचं?"

"हो."

"मंग तीसच करा."

पुढच्या वर्षी ते गेले. मी त्यांचे ऐकले नाही. तीस वर्षे माझ्या शाळांत ठिपके पूर्ण भरत राहिले. त्यात मुलांचे हित झाले, हे मी आजही म्हणेन. निवृत्त झालो त्या दिवशी पाच वीसला घरी पोहोचलो, पाय धुतले आणि पत्नीकडे पाहून एक प्रश्न विचारला. तो मला त्याच क्षणी सुचला असे वाटले होते. तिने केस बांधून घेतले आणि दिवा लावला.

वाचकांमध्ये जे शिक्षक आहेत त्यांना विनंती आहे, की माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नये. शाळेत दिलेली मिनिटे मांडावीत, मुलांना मिळालेली मांडावीत, वजाबाकी करावी. मग घरातल्या कोणाच्या तरी हाती घड्याळ द्यावे आणि शाळेतून आल्यापासून दिवा लागेपर्यंत आपण कोठे असतो, ते त्यांना मोजायला सांगावे. स्वतः मोजू नये. दोन्ही आकडे शेजारी लिहून कृपया एकदा पडताळून पाहावेत.