अंडी न घालणारी जोडी

सासूबाई पहिल्यांदा बहारीनला आल्या तेव्हा दिवसभर त्यांच्याशी बोलायला घरात कोणी नसे. आम्ही दोघंही ऑफिसात. म्हणून नवऱ्याने ईसा टाउनच्या बाजारातून दोन चिमुकले आफ्रिकन पक्षी आणले. लाल चोच, डोळ्यावरून लाल पट्टा, बाकी अंग मातकट. विकणारा म्हणाला, जोडी आहे. त्यातला नवरा कोण आणि बायको कोण, हे माझ्या नवऱ्याने गाडीतच ठरवून टाकलं. तो इंजिनिअर आहे. त्याला शंका येत नाहीत.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आता सासूबाईंचं सगळं लक्ष पिंजऱ्याकडे वळलं, तसं मला हायसं वाटलं. त्यांनी काथ्याचं घरटं करून दिलं. मी घरात पाऊल टाकलं की बातमी तयार असे, "आज तिचं पोट जरा जड वाटतंय." पूर्वी त्या माझ्याकडे अशाच बघत.

अंडी काही येईनात. शेवटी नवऱ्याने ऑफिसातल्या एका बहारीनी मित्राला घरी बोलावलं. बुदैया गावातल्या त्याच्या घरी ढीगभर पक्षी होते. त्याने पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि तो हसायलाच लागला.

"शेपटीच्या वर काळा आहे तो ब्लॅक-रम्प्ड वॅक्सबिल. खालून काळा आहे तो कॉमन वॅक्सबिल. चुलत भाऊ म्हणा, पण जात वेगळी. आणि मोठ्याने गातो तो नर. दोघं गातात कसे?"

"छान गातात," नवरा अभिमानाने म्हणाला.

मित्र सासूबाईंकडे वळला. "मम्मा, दोनो लडका. अंडा मफी."

मफी म्हणजे नाही, एवढं अरबी त्यांना एव्हाना येत होतं.

नवरा तावातावाने पक्षी परत करायला निघाला. सासूबाईंनी पिंजरा घट्ट धरला. "कशाला? एकमेकांना चिकटून बसतात, सुखाने नांदतात. अंडी घातली नाहीत म्हणून कोणी घरातून काढतं का?"

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. गाळून झाल्यावरही बराच वेळ तिथेच थांबले.

व्हिसा संपला, त्या कोल्हापूरला परतल्या. फोनवर आधी पक्ष्यांची चौकशी होते, मग "डॉक्टर काय म्हणाले?" येतंच. फक्त आता हा प्रश्न त्या मला विचारत नाहीत. "त्याला फोन दे," म्हणतात.