लवूदादांचं मत

परळच्या आमच्या चाळीत लवूदादा घाडी एकटेच राहतात. गिरणीच्या बॉयलरवर त्यांनी एकवीस वर्षं कोळसा टाकला; खोकला तेव्हापासूनचा. धाकटा भाऊ गुरुदत्त कोकणात गावी मासेमारी करतो.

गावाजवळ अणुवीज प्रकल्प येणार म्हणून त्यांच्या ग्रामस्थ मंडळाने परळला सभा घेतली. गुरुदत्त गावाहून आला होता. दादांना जिना झेपत नाही, म्हणून मी सोबतीला गेलो होतो.

दादा उभे राहून म्हणाले, "कोळशाचो धूर रोज थोडो थोडो मारता. ह्यात धूर नाय. धोको आसा, पण तो एखाद्या दिवसाचो."

"दादा, तो दिवस आमच्या दारात उजाडतलो," गुरुदत्त म्हणाला. "तुझ्याकडे येतली ती नुसती वीज."

त्या रात्री तो दादांकडे जेवायलाही थांबला नाही.

दर शिमग्याला देवाची पालखी घरी आली की गुरुदत्त फोन लावतो आणि गुरव घरच्यांसाठी देवाकडे मागणं मागत घालतो ते गाऱ्हाणं दादांना ऐकवतो. त्यात दादांचंही नाव घेतात. यंदा फोन आला नाही. दादा दुपारभर मोबाइल हातात धरून बसले होते.

"मत चुकलं असं वाटतं का?" मी विचारलं.

"बोललंय ता बरोबरच," ते म्हणाले. "पण परळात बसान बोललंय."

मग त्यांनीच गुरुदत्तचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली आणि बंद झाली.