खटकलेलं सांगायचा नियम

शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर असं की मुलगी म्हणते, "मम्मी, तुझी यादी बघून दुकानदार अंदाजानेच सामान भरतो." शाळा चौथीपर्यंत झाली. हे मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितल्याशिवाय माझी सुरुवातच होत नाही. ताटात पोळी वाढतानाही मी आधी "आज जरा कडक झाल्यात" म्हणते, मऊ असल्या तरी.

मला पुस्तकांबद्दल लिहायचं आहे.

माझं माहेर खडवलीचं. आमच्या वस्तीत दर जयंतीला पुस्तकांचा स्टॉल लागायचा आणि वडील दरवर्षी एखादं पातळ पुस्तक घेऊन यायचे. त्याला हात लावायच्या आधी आम्हाला हात धुवायला लावायचे. शिकलं पाहिजे, शिकलं पाहिजे, हे मी जितकं ऐकलं तितकं दुसरं काहीच ऐकलं नसेल. त्याच वडिलांनी मला चौथीनंतर घरी बसवलं, कारण आई वीटभट्टीवर जायची आणि दोन धाकटे भाऊ सांभाळायला कुणीतरी हवं होतं. भाऊ शिकले. एक ठाण्याला कचेरीत आहे. शाळा सुटली त्याचा राग आता विरला, पण ते हात धुवायला लावणं आठवलं की अजून चिडते.

लग्न होऊन मानपाड्याच्या चाळीत आले आणि डोंबिवलीत पोळ्यांची कामं धरली. त्यातलं एक घर काकूंचं. काकू बँकेतून रिटायर झालेल्या, काका नाहीत, मुलगा परदेशात. हॉलमध्ये भिंतभर पुस्तकं. पहिलं वर्ष मी ती लांबूनच बघितली. मग एकदा कणीक भिजवून ठेवलेली आणि मी ओट्यापाशी उभी राहून रविवारची पुरवणी वाचत होते. काकू मागे कधी आल्या कळलंच नाही.

"वाचतेस का गं तू? मग घेऊन जा की एखादं. पानं मात्र दुमडायची नाहीत."

पुस्तकं मला काकूंनी दिली. बरीच वर्षं दिली. सख्ख्या भावांनी दिली नाहीत. हे इथे लिहिलं नाही तर माझंही लिहिणं खोटं होईल.

सुरुवातीला मला वाटायचं, छापलंय म्हणजे बरोबरच असणार. आवडलं नाही तर दोष माझ्या चौथीचा. पण वाचत गेले तशी कुरकूर सुरू झाली. गरिबांच्या कादंबऱ्या काकू मुद्दाम माझ्यासाठी काढून ठेवायच्या. त्यातली बाई पहिल्या पानापासून रडायची आणि शेवटच्या पानावर मरायची. मधे एकदाही कुणाला टोमणा मारायची नाही. आमच्या चाळीत नळावर उभं राहून बघावं. जिच्या घरात कालपासून चूल नाही तीच सगळ्यांत जास्त हसवते, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नसते. टोमणा न मारणारी गरीब बाई लेखकाने कुठे पाहिली, देव जाणे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत सगळे स्टेजवर असल्यासारखे बोलतात, सर्दी कुणालाच होत नाही. खुनाच्या पुस्तकाचं मी शेवटचं पान आधी वाचते. काकू ओरडायच्या, "अगं, मजा काय राहिली मग?" पण मला खुनी कोण यात मजा नाही. खुनी माहीत असताना लेखक मला कुठे कुठे फसवायला बघतो, ते बघण्यात आहे. पहाटे उठून मोठं कसं व्हायचं, असं एक पुस्तक होतं. त्यातला माणूस पहाटे उठून व्यायाम करतो, ध्यान करतो, मनातले विचार लिहून काढतो. डबा कोण करतं ते पुस्तकात नाही. मोठ्या साहेबांची आत्मचरित्रं वाचली. कंदिलाखाली अभ्यास केला, ते पानंच्या पानं. बहिणीचं एका ओळीत लग्न होतं आणि ती संपते. तिच्या ओळीपाशी मी थांबायची, पुढे वाचवायचं नाही.

एका बाईचं परदेशच्या प्रवासाचं पुस्तक होतं. निम्मं पुस्तक शाकाहारी जेवण कुठे मिळालं आणि संडास कुठे मिळाला नाही यावर. भिशीतल्या बायका त्याला हसल्या. मला ते फार आवडलं. बाई खरं बोलतेय असं वाटलं.

भिशी म्हणजे पुस्तकभिशी. काकूंच्या घरी महिन्यातून एकदा भरते. आठ-दहा बायका, कुणी शिक्षिका, कुणी वकिलीण, कुणी काकूंसारखी बँकेतली. सगळ्या वर्गणी काढतात, चिठ्ठी उचलतात, जिचं नाव येईल तिने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची. आधीच्या महिन्यात घेतलेल्या पुस्तकावर सगळ्यांनी बोलायचं. नियम एकच आणि कडक: आवडलेलं सांगा न सांगा, खटकलेली एक तरी गोष्ट सांगायचीच. नाहीतर चहा नाही. नियम काकूंनीच केलेला. मी आत साबुदाणावडे तळत ऐकायची आणि मनातल्या मनात माझंही खटकलेलं सांगून टाकायची. बाहेर जाऊन बोलायची हिंमत नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं.

मग मुलीच्या लॅबच्या कोर्सची वेळ आली. कॉलेज ठाण्याला, फी एकदम भरायची. नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडलेली. काकूंनी पन्नास हजार दिले. मी मागितले, त्यांनी विचार करते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दिले. म्हणाल्या, "पगारातून महिन्याला दोन हजार कापत जाईन. चालेल ना? व्याज नको." चालेल म्हणजे काय, धावलंच. दर एक तारखेला दोन हजार कमी यायचे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. फेडतेय, त्यात काय लाजायचं?

निम्म्याहून जास्त फिटले असताना काकूंचं पुस्तक आलं. त्यांनीच पैसे घालून छापलेलं, आयुष्यात भेटलेल्या माणसांच्या आठवणी. मला सही करून प्रत दिली. "तूही आहेस बरं का यात."

घरी येऊन आधी माझंच पान काढलं. चार पानं होती. माझ्या पोळ्यांची तारीफ होती, मी पुस्तकं नेते ते होतं. मग फीची गोष्ट. मी त्यांच्या पायाशी बसले, माझे डोळे पाणावले. मी बसले नव्हते, पोळपाट धूत उभी होते, पण तेही चाललं असतं. पुढे लिहिलं होतं की काकू मला म्हणाल्या, वेडे, हे पैसे परत करायचे नाहीत, मुलगी शिकली की माझं व्याज मला मिळालं.

त्याच आठवड्यात दोन हजार कापले होते.

मी ते पान परत परत वाचलं. वाटलं, दुसरी कुणी बाई असेल. पण पोळ्या माझ्या होत्या, मुलगी माझी होती, ठाण्याचं कॉलेजही तेच.

पुढच्या भिशीला काकूंचंच पुस्तक होतं. बायकांनी हौसेने गुलाबाचं फूल आणलेलं. एकेक बोलायला लागली. खटकलेलं सांगायची पाळी आली की एक म्हणाली, "खटकलं एवढंच की लवकर संपलं." दुसरी म्हणाली, "मला हे खटकलं की माझ्यावर नाही लिहिलंत." हशा. मी वड्यांची ताटली घेऊन बाहेर आले तर वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, ह्याच ना त्या पोळ्यावाल्या ताई! बसा बसा. आज तुम्ही बोलायचं."

"नको हो, मी काय बोलणार."

"नियम म्हणजे नियम. काय खटकलं सांगा, नाहीतर चहा नाही!"

मला आजही कळत नाही, त्या चेष्टेने म्हणाल्या हे माझ्या लक्षात कसं आलं नाही. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेला नियम मी खराच धरला. काकूंच्या पुस्तकाला तो लागू नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला न सांगता माहीत होतं. मी उभ्यानेच म्हणाले, "पुस्तक चांगलं आहे. फक्त ते पैसे परत नको म्हटल्याचं लिहिलंय, ते तसं नाहीये. मी फेडतेय. दर महिन्याला कापून जातात."

मग शिक्षिका होत्या त्या काकूंकडे बघून हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं. त्यांना काय कळणार, लेखनात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं." आणि मला म्हणाल्या, "वडे मात्र फर्स्ट क्लास हं."

मला चहा मिळाला. मी तो आत नेऊन सिंकमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी काकू ओट्याशी आल्या. आवाज चढवला नाही, त्या कधीच चढवत नाहीत.

"मला एकटीला सांगायचंस ना गं. चारचौघींत?"

"त्यांनी विचारलं, काकू."

"विचारलं म्हणून काय! आणि माझ्या मनात होतं तसं. खरंच होतं. तोंडाने म्हणायचं राहिलं, एवढंच. कादंबरीत तू एवढ्या थापा खपवून घेतेस."

"कादंबरीवाला आधीच सांगतो ना, ही कादंबरी आहे म्हणून. तुम्ही आठवणी म्हटलंत."

हे मी बोलले. मला माझाच आवाज अनोळखी वाटला. तव्यावरची पोळी जळली.

काकूंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "बरं, असं करू. उरलेले देऊ नकोस. माफ. झालं? आता तर खरं झालं ना?"

बावीस हजार उरले होते. बावीस हजारांत माझ्या घरात काय काय आलं असतं ते मला पाठ होतं. आणि मला दिसत होतं की मी हो म्हटलं की त्या पुस्तकातली मी खरी होणार. पायाशी बसलेली, डोळे पाणावलेली. सगळ्या भिशीला कळणार, बघा, सोडले की नाही पैसे, उगाच बिचारीने घोळ घातला. मी म्हणाले, "नको काकू. कापत जा."

"अगं, मी मनापासून देतेय."

"मीपण मनापासूनच नको म्हणतेय."

घरी मुलगी भडकली. "मम्मी, तू येडी आहेस का? त्यांना काय फरक पडतो? छापलेलं कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना."

"तू वाचलंस म्हणून बावीस हजार? भारी आहे. तुझं मत एवढं महाग असेल तर मलाच सांगायचं होतंस, मी फुकटात ऐकलं असतं."

ती हसवायला बघत होती. मला हसू आलं नाही. अजूनही तिचं चुकलं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिने त्या वर्षी जुन्याच बुटांवर कॉलेज केलं, तळ चिकटवून.

काम मी सोडलं नाही. पैसे फिटेपर्यंत सोडता येत नव्हतं. लवकर फिटावेत म्हणून संध्याकाळची आणखी दोन घरं धरली आणि काकूंना सांगितलं, आता चार-चार हजार कापा. त्यांनी "तुझी मर्जी" म्हटलं. त्यानंतर पुस्तक कधी पुढे केलं नाही. मीही मागितलं नाही. कपाटावरून फडकं फिरवताना नवीन आलेली नावं दिसायची. भिशी भरतच राहिली. मला मात्र त्या दिवशी वडे करून लवकर जायला सांगायच्या, बायका स्वतःच वाढून घ्यायच्या. खटकलेल्याचा नियम चालू आहे की नाही, माहीत नाही.

कल्याणला एक रद्दीवाला आहे, तो पुस्तकं वजनावर देतो. त्याच्याकडून आणते. पानं गेलेली असतात, कधी शेवटच नसतो. त्यांच्याबद्दल माझी मतं आहेत, सांगायला कुणी नाही. मुलगी दमून येते. नवऱ्याला पुस्तकातलं सांगायला गेलं की तो "हं" म्हणतो आणि मोबाईल बघतो. म्हणून हे लिहायला घेतलं.

काकूंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. ओट्यावर एक प्रत दिसली. काकू आंघोळीला गेल्या होत्या तेव्हा माझी चार पानं काढून पाहिली. एक अक्षर बदललेलं नाही. त्या पानांवर मी अजून बसलेलीच आहे.

या एक तारखेला काकूंनी पगार मोजून ओट्यावर ठेवला. शेवटचे दोन हजारच उरले होते, तेवढेच कापले. म्हणाल्या, "घे. आता माझं तुझ्याकडे काही नाही." मी पैसे उचलले, परत मोजले. बरोबर होते. पन्नासच्या पन्नास हजार फिटले.