ओल्या टपाच्या भलत्या टोकाला

"अहो, ऐकलं का? शिडी कुठाय?"

"मागं आहे की. होती तिथंच."

"ते मलाही दिसतंय. माझ्या आणि शिडीच्या मधे काय आहे, ते तुम्हाला दिसतंय का?"

मेस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आले. टाचा उंचावल्या, तरी काही दिसेना, म्हणून पालथ्या बादलीवर चढले. टपावर त्यांची बायको उकिडवी बसलेली, हातात रोलर, पायात नुसते मोजे. तिच्यापासून पार मागच्या टोकापर्यंत सगळा टप सायीसारखा पांढरा आणि ओला.

"अगं, तू भलत्या टोकाला कशी गेलीस?"

"गेले नाही. रंगवत रंगवत आले!"

मेस्त्री असे हसले, की बादलीसकट आडवे झाले.

ही बाई म्हणजे आमच्या गल्लीची टपकाकू. चाकांवरची घरं असतात ना, आत पलंग, ओटा, मोरी सगळं असलेली, लोक त्यांना मोटरहोम म्हणतात, काकू घरगाडी म्हणते. त्या गाड्यांचे टप घासायचे, गळके सांधे बुजवायचे, वरून पाणी न शिरणारा रंग द्यायचा, हा तिचा धंदा. इंजिन, ब्रेक, चाकं मेस्त्रींची. डोक्याच्या वरचं सगळं काकूचं. टपावर ती चप्पल घालून जात नाही आणि कुणाला जाऊही देत नाही. गुडघ्याखाली गादीचा तुकडा घ्यायचा, मऊ ब्रशनं घासायचं, मग टपातल्या झरोक्याच्या कडेनं बोट फिरवत बसायचं, दातांचा डॉक्टर हिरड्या चाचपतो तसं. तोंडाला मात्र मऊ ब्रश नाही. एका गिऱ्हाइकाला म्हणाली होती, "तुमच्या टपावर एवढं शेवाळ आहे, की वर एक शेळी सहज पोसली जाईल. दूध तुमचं, लेंड्या माझ्या."

तर अशी ही मुरलेली बाई अडकली कशी? आवारात येणारी प्रत्येक गाडी तोंड मागच्या कुंपणभिंतीकडं करून उभी राहते. म्हणजे गाडीच्या मागची शिडी फाटकाकडं. काकू भिंतीच्या टोकाला सुरुवात करते, रोलर ओढत मागं मागं सरकते, आणि शेवटी न बघताच पाय खाली सोडून शिडी गाठते. पण आजची गाडी होती एका निवृत्त बसचालकाची. त्यानं जन्मभर डेपोत बस उलटी लावलेली, तशीच ही पण लावली. शिडी गेली भिंतीकडं. चढताना हे काकूच्या पायांना कळलं, डोक्याला नाही. डोकं गाणं गुणगुणत होतं. रंगवून झालं, तिनं पाय खाली सोडला, पायरी शोधत हवेत गोल गोल फिरवला, आणि मग मागं वळून बघितलं.

"उडी मार, मी झेलतो," मेस्त्री अंग झटकत म्हणाले.

"स्वतःला झेलता येईना बादलीवरून! आपली लांब शिडी आणा."

"ती रंगारी घेऊन गेलाय."

"आणि रंगारी कुठाय?"

"ते त्या शिडीलाच माहीत."

रंगावरून चालत जावं तर प्रत्येक पावलाशी खड्डा, आणि खड्ड्यात पाणी. चालकाची बायको आदल्या दिवशी काकूसमोर नवऱ्याला बजावून गेली होती, "मागच्या सफरीत सारी रात्र माझ्या उशीवर ठिबकलं. आता एक थेंब पडला ना, तर उरलेलं जग तुम्ही एकट्यानं बघा. मी चालले माहेरी." चालकानं काकूला हात जोडले होते, "काकू, माझा संसार तुमच्या रोलरवर आहे."

हे कमी होतं म्हणून की काय, तेवढ्यात काकूच्या डोक्याशी खिडकी उघडली. फाटकालगतच्या घराची, पहिल्या मजल्यावरची, धाकट्या जावेची. जावेच्या हातात दाण्यांचं भांडं. ती खिडकीत दाणे टाकते, कबुतरं येतात, खातात, आणि खाल्लेलं काकूनं धुतलेल्या टपांवर सोडून जातात. त्यावरून मागल्या उन्हाळ्यापासून दोघींचा अबोला होता. आता दोघींची नाकं हातभर अंतरावर आली.

"अहो," काकू खाली बघत म्हणाली, "वर कुणी असेल तर सांगा, आज दाणे टाकू नका म्हणावं."

"भाऊजी," जाऊही खालीच बघत म्हणाली, "जे कुणी बोलतंय त्यांना सांगा, कबुतरांना आज-उद्या कळत नाही. भूक कळते."

"मला कशाला मधे घेता?" मेस्त्री ओरडले. "एकमेकींच्या तोंडाचा वास येईल एवढ्या जवळ आहात!"

भिंतीवर एक कबुतर येऊन बसलं. मग दुसरं. त्यांच्यामागून अख्खं वऱ्हाड. सगळी माना वाकड्या करून ओल्या टपाकडं बघायला लागली. काकूनं रोलर उगारला, पण ती गाडीच्या या टोकाला, कबुतरं त्या टोकाला.

"बाई गं," काकू शेवटी थेट जावेलाच म्हणाली, "एवढा टप वाळू दे! एका बाईची उशी आहे याच्याखाली!"

"असं तोंड उघडून सांग ना. मग रस्त्याकडच्या खिडकीत टाकते."

"तिकडं टाकता येतात?"

"येतात की."

"मग इतके दिवस का नाही टाकलेस?"

"तू विचारलंस कधी? सरळ ओलं फडकं फेकून मारलंस. ते माझ्या उकळत्या पातेल्यात पडलं!"

"आँ? आणि मग?"

"मग काय? तुझ्या दिराला चव आवडली!"

काकूला जे हसू फुटलं! जाऊ धावत जाऊन पलीकडच्या खिडकीत दाणे उधळून आली. वऱ्हाड फडफडत घरावरून तिकडं गेलं. मग तिनं काकूची दोन्ही मनगटं धरली आणि ओढलं. काकू कमरेपर्यंत आत गेली आणि तिथंच रुतली.

"खालून ढकलू का?" मेस्त्री.

"पोचणार आहात का तुम्ही?" आतून दोघी एकदम ओरडल्या, आणि हसता हसता जावेच्या हातातलं बळच गेलं. तिसऱ्या हिसक्याला काकू रोलरसकट ओट्यावर आदळली. भिंतीवर छतापासून खालपर्यंत पांढरा पट्टा उमटला.

"असू दे," जाऊ डोळे पुसत म्हणाली. "एवढी भिंत तरी गळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चालकाची बायको गाडीत उशीवर डोकं ठेवून, झरोक्याकडं डोळे वटारून पडली. काकूनं शिडीवर उभं राहून टपावर पाण्याची नळी सोडली. पाणी झरोक्याला वळसे घालत, काठांवरून धो धो खाली. चालक ओठ चावत उभा. आणि मग आतून एकदम, "अहोऽ!"

चालकाचा चेहरा पडला. मेस्त्रींचाही.

"अहो, निघायचं का नाही? पडून पडून पाठ धरली माझी!"

घरगाडी हॉर्न वाजवत फाटकाबाहेर गेली, आणि तिच्या जागी दुसरी आत आली, चिखलानं माखलेली, तोंड भिंतीकडं. काकूनं मोजे चढवले, गादीचा तुकडा काखेत मारला आणि गाडीला एक पुरी फेरी घातली.

"ताई, शिडी फाटकाकडंच आहे गं!" वरून खिडकीतून आवाज आला.

"दिसतंय!" काकू म्हणाली, पायरीला हात लावून खात्री केली, आणि वर चढली.