धाकटीची स्लाइड

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. मी तिच्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर एकोणीस वर्षं बसले. ती माझ्याआधी आठ वर्षं तिथे होती. आमचं काम सांगायला सोपं आहे. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी ब्रश फिरवून पेशी घेतात, त्या काचेवर पसरून रंगवतात, आणि त्या स्लाइडमध्ये कॅन्सरची सुरुवात दिसते का ते आम्ही बघतो. एका स्लाइडवर हजारो पेशी. त्यातल्या पाच-दहा वाईट असल्या तरी त्या हुडकायच्या आणि शंका येईल तिथे शाईचा ठिपका द्यायचा. दिवसाला साठ-सत्तर स्लाइड्स. सकाळी नऊला मान खाली घातली की जेवायलाच वर.

या कामात भिंगबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर, स्वतः गोंधळल्या की स्लाइड घेऊन तिच्याकडे यायच्या. "बघ गं जरा, मला उगाच वाटतंय का?" ती डोळा लावायची आणि अर्ध्या मिनिटात म्हणायची, "उगाच नाही." बोलायला फटकळ, पण कुणाचं मूल आजारी असलं की त्या सहकाऱ्याच्या वाटणीच्या स्लाइड्स न सांगता स्वतःच्या ट्रेमध्ये ओढून घ्यायची.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. आईवडील लवकर गेल्यामुळे त्याने अकरा वर्षांनी लहान बहिणीला स्वतःच वाढवलं होतं. तिला घरात धाकटी म्हणायचे. तिची स्वतःची मुलगी कॉलेजात जायला लागली तरी ती धाकटीच राहिली. धाकटीचा नवराही अकाली गेला होता. मायलेकी दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि रोज संध्याकाळी भिंगबाईच्या स्वयंपाकघरात असायच्या.

या धाकटीला तपासणीला यायचं नव्हतं. भिंगबाईने महिनाभर तिच्या मागे भुणभुण लावली.

"वहिनी, मला काही त्रास नाही. उगाच कशाला?"

"त्रास नाही तेव्हाच करायची असते. पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि ती स्लाइड तुमच्यातलं कोणीही बघणार? मला लाज वाटते बाई."

"कोणी नाही बघणार. मी बघेन. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही."

म्हणून धाकटी आली. दुसऱ्या दिवशी तिची स्लाइड माझ्या ट्रेमध्ये आली होती. भिंगबाईने लेबल वाचलं आणि ती उचलून घेतली. "ही माझी. घरची आहे." मी हसून दिली. संध्याकाळी तिने घरी सांगितलं, "आरशासारखी लख्ख आहे. आता तीन वर्षं डॉक्टरचं तोंड बघू नकोस."

धाकटीने ते अक्षरशः पाळलं. दीड वर्षाने तिला मध्येच रक्त जायला लागलं, तेव्हा ती कुणाला बोलली नाही. वय होत आलंय, असं होणारच, आणि वहिनीने बघितलंय की. असे सात महिने गेले. एक दिवस ती भावाच्या बसच्या पायरीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे सगळं कळलं. कॅन्सर बाहेर पसरला होता. पुढे चौदा महिने रेडिएशन, केमो, पुन्हा केमो. भिंगबाईने बिनपगारी रजा घेतली, नणंदेला अंघोळ घातली, भरवलं, फाइल काखेत मारून हॉस्पिटलात या खोलीतून त्या खोलीत फिरली. धाकटी गेली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. भाची मामाकडेच राहायला आली आणि नोकरी लागल्यावर दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहू लागली. पण शनिवार-रविवार ती इकडेच असायची.

"काही कॅन्सर फार झपाट्याने वाढतात," भिंगबाई तेव्हा म्हणायची. "माझ्या स्लाइडनंतरच सुरू झाला असणार." आम्हीही तेच म्हणायचो. तसं होतंही.

मग गेल्या वर्षी मशीन आलं. स्लाइड आत सरकवली की ते तिचे फोटो काढतं आणि कॉम्प्युटर वाईट वाटणाऱ्या पेशींभोवती लाल चौकट करून दाखवतो. आम्ही त्याचं नाव जाऊबाई ठेवलं, कारण ते आलं आणि आमच्या कामात खोड्या काढायला लागलं. पण ते शिकलं आमच्याकडूनच. सहा महिने आम्ही दोघी पडद्यासमोर बसून ही पेशी चांगली, ही वाईट असं त्याला दाखवत होतो. सगळ्यात जास्त खुणा भिंगबाईच्या होत्या.

मशीन खरंच चांगलं निघालं. ते थकत नाही, चार वाजता त्याचे डोळे चुरचुरत नाहीत. मॅडमना त्यावर शोधनिबंध लिहायचा होता. त्यांनी ठरवलं, ज्या बायकांना पुढे कॅन्सर झाला पण ज्यांची आधीची स्लाइड आपण निर्दोष म्हणून सोडली होती, त्या जुन्या स्लाइड्स मशीनला दाखवायच्या. अशा तेवीस निघाल्या. मशीनने त्यातल्या एकोणिसांत दोष दाखवला.

यादीत नावं नव्हती, फक्त नंबर. या एकोणीस स्लाइड्स आता डोळ्याने पडताळायला कपाटातून काढायचं काम आम्हा दोघींचं. मी ट्रे धरून उभी होते आणि ती नंबर वाचून काढत होती. अकराव्या नंबरला ती थांबली. तो नंबर तिला पाठ होता. चौदा महिने धाकटीचा तो रिपोर्ट तिच्या काखेतल्या फाइलमध्ये सगळ्यात वर होता.

भिंगबाई स्लाइड घेऊन स्वतःच्या जागेवर गेली. मशीनने दाखवलेली जागा न बघता तिने नेहमीसारखी डावीकडून सुरुवात केली, ओळीने, सावकाश. वीस मिनिटांनी तिने मला हाक मारली. "बघ."

मी बघितलं. उजव्या कोपऱ्यात, वरच्या काचेच्या कडेपाशी एक हवेचा बुडबुडा होता, आणि त्याच्या पलीकडे दहा-बारा पेशींचा पुंजका. मोठे, काळपट, वेडेवाकडे गाभे. शिकाऊ पोरीलाही कळलं असतं. जवळपास शाईचा ठिपका नव्हता.

"आठवतंच नाही गं," ती म्हणाली. "त्या दिवशी काय झालं होतं? घाईत होते का? मला तो दिवसच आठवत नाही."

मलाही आठवत नव्हता. ती स्लाइड मी स्वतःच बघितली असती तर काय झालं असतं, हे मी तिला विचारलं नाही आणि स्वतःलाही विचारत नाही. त्या एकोणिसांतल्या चार स्लाइड्सवर माझी सही होती. त्या कुणाच्या होत्या हे मी कधी उघडून बघितलं नाही.

ती मॅडमकडे गेली. मॅडमनी दार लावून घेतलं, तिला बसवलं. "हे बघ, माणसाच्या डोळ्यातून इतकं सुटतंच. सगळ्या जगात सुटतं. तुझं नाव कुठेही येणार नाही."

"नावाचं नाही विचारत. तेव्हा सापडलं असतं तर?"

मॅडम खोटं बोलू शकल्या असत्या. त्या बोलल्या नाहीत. "सुरुवातीचं होतं. बहुतेक एक छोटंसं ऑपरेशन. सकाळी आली असती, दुपारी घरी."

नऊ दिवस तिने घरी काही सांगितलं नाही. दहाव्या दिवशी नवरा टेबलावर मटार सोलत बसला होता, तेव्हा उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तो सोलत राहिला. शेवटची शेंग संपली तेव्हा म्हणाला, "ती मला विचारायला आली होती. रक्त जातंय, काय करू म्हणाली. मी म्हटलं, वहिनीने सांगितलंय ना, मग झालं." हे त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर दोघं त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. दुसऱ्याही विषयांवर फारसं बोलले नाहीत.

कामावर तिची नजर बिघडली. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, सगळं ठीक आहे. पण तिला प्रत्येक स्लाइडमध्ये काळे गाभे दिसायला लागले. जिथे तिथे ठिपके. एका महिन्यात तिने एक्कावन्न बायकांना परत बोलवायला लावलं. त्या बाकांवर बसून रडायच्या, कुणी नवऱ्याला घेऊन यायच्या, आणि सगळ्यांचं सगळं चांगलंच निघायचं. मशीनने त्यातल्या एकीलाही चौकट केली नव्हती. शेवटी मॅडमनी तिला नमुन्यांच्या नोंदणीवर बसवलं. बाटलीवर लेबल लावायचं, नंबर टाकायचा. ती हो म्हणाली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अशात भाची एका शनिवारी आली. पंचविशी झाली होती आणि आईमुळे तिला तपासणीची धास्ती होती. चहा पिता पिता म्हणाली, "मामी, सोमवारी तपासणीला येते मी तुमच्या प्रयोगशाळेत. पण एक अट आहे. माझी स्लाइड तू बघायचीस. ते मशीन-बिशीन मला नको."

"मशीन चांगलं आहे."

"असू दे. मला तूच पाहिजेस. आईचीही तूच बघितली होतीस ना."

मामा उठून गॅलरीत गेला. भिंगबाईने कप खाली ठेवला आणि सांगितलं. काहीही न लपवता, पुंजका कुठे होता, किती पेशी होत्या, मॅडम काय म्हणाल्या, सगळं. भाचीने मध्ये एकदाच विचारलं, "सकाळी जाऊन दुपारी घरी?"

"हो."

"माझ्या बारावीच्या परीक्षेला आई नव्हती," भाची म्हणाली. मग ती म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलंस, मला कळतं." हे ती दोनदा म्हणाली. तिने बॅग उघडलीच नव्हती. ती तशीच उचलली आणि दुपारच्या गाडीने परत गेली.

तपासणी तिने तिच्या शहरात करून घेतली. तिथेही तसलंच मशीन आहे. मॅडमचा निबंध छापून आला, त्यांचं खूप कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. आता अशी चूक सहसा होणार नाही. शेवटी आभारांत "अनुभवी तंत्रज्ञ" असे दोन शब्द आहेत. मी ते तिला दाखवले. तिने वाचले आणि पुढच्या बाटलीला लेबल लावलं.

भाचीचा रिपोर्ट मामाच्या फोनवर आला. निर्दोष होता. त्याने तो उभ्याने वाचला, फोन बायकोसमोर टेबलावर ठेवला आणि बसची फेरी होती म्हणून निघून गेला. तिने तो पुन्हा पुन्हा वाचला, असं मला म्हणाली. खाली मामाचं नाव घालून दोन ओळी लिहिल्या होत्या, खुशालीच्या. मामीचा उल्लेख नव्हता.

"रिपोर्टवर विश्वास ठेवायचा ना गं?" तिने मला विचारलं.

मी हो म्हटलं. तिला ते पटलं की नाही मला सांगता येणार नाही. भाची त्यानंतर त्या घरी आलेली नाही.