अर्धं गाऊन उठलेला गायक

हे लिहिण्याचा अधिकार माझा नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, याखेरीज माझी काही पात्रता नाही. खरं तर मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, हे सांगायला हवं होतं.

मोठेबाबा डहाक्यावर गातात. ते मांडीवर घेऊन वाजवायचं वाद्य. आमच्याकडची रीत अशी की गाणाऱ्यानं बसून आधी देवाला बोलवायचं, मग कथा गायची आणि शेवटी देवाला निरोप द्यायचा. निरोप होईपर्यंत तो जागचा उठत नाही. पाणीसुद्धा त्याला बसल्या जागी देतात.

मोठेबाबा, खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशा करणारे एक काका आणि किंगरी हे तंतुवाद्य वाजवणारे एक जण अशा तिघांनी मिळून कंपनी काढली. गाणाऱ्यांची कामं दलालांकडून न घेता आपणच ठरवायची, हा विचार. नागपुरात हुडकेश्वरला टायरच्या दुकानावर खोली घेतली. कॉलेज सुटलं की मी तिथं फोन घ्यायचो. हळूहळू दंडारीची, म्हणजे गावातल्या नाचगाण्याच्या खेळाची, आणि भजनाची मंडळंही जोडली गेली. "मॅनेजर साहेब, चाय तं सांगा," असं गंमतवाले काका मला चिडवायचे.

लोकांना ऐकवायला नमुना हवा होता. रामदासपेठेतल्या एका स्टुडिओत मोठेबाबांनी देवाचं बोलावणं गायलं. ते संपताच काचेपलीकडच्या माणसानं सांगितलं की एवढं पुरे, पुढची पार्टी थांबली आहे. मोठेबाबा थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग उठले. तेवढंच गाणं आम्ही मोबाइलवरून सगळीकडे पाठवलं आणि ते फार चाललं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला. डॉक्टरांना घशात काही सापडेना. कुजबुजल्यासारखं बोलता यायचं, सूर मात्र लागत नव्हता. पुढचे कार्यक्रम त्यांच्याच गाण्यावर ठरले होते. त्यांना चिंता मात्र त्याची नव्हती. आवाज परत आला नाही तर मी म्हणजे कोण, असं त्यांनी माझ्या आईला विचारलं होतं.

अशातच एका दुपारी उमरेडच्या बाजूच्या एका गावातून फोन आला.

"काल तुमचे बाबा आमच्या इथं गाऊन गेले. बोलावणं केलं अन् मधातच उठून चालले गेले. काहून गा, आमचं काही चुकलं का?"

आम्ही कोणाला पाठवलंच नव्हतं. मोठेबाबा आदला दिवसभर माझ्यासमोर बसून होते. मग पुढच्या गावाहून तसाच फोन आला, मग त्याच्याही पुढच्या. वर्णन विचारलं तर दुपट्टा मोठेबाबांचाच, हातातलं कडंही त्यांचंच. गाणं आम्ही काढून टाकलं, तरी फोन थांबले नाहीत. बरंच आहे, एका माणसात दोन कार्यक्रम होतात, असं गंमतवाले काका म्हणाले.

मोठेबाबांनी ते सगळे फोन ऐकले. मग डहाका कापडात गुंडाळला.

"त्याले अर्धंच येते," ते कुजबुजले. "बाकीचं मले शिकवा लागन."

मीही येतो म्हणालो, तर त्यांनी मला फोनपाशीच राहायला सांगितलं आणि ते एकटेच निघाले.

त्यानंतर गावांचे फोन बंद झाले. मोठेबाबांचाही लागेना. वडील मोटारसायकलवर उमरेडच्या बाजूची गावं फिरले. मोठेबाबा प्रत्येक ठिकाणी येऊन गेले होते. आपल्यासारखाच दिसणारा माणूस कुठं गेला, असं विचारून पुढं निघाले होते.

शेवटी अनोळखी नंबरवरून एका बाईचा फोन आला. त्यांच्या गावात निरोपाचं गाणं पूर्ण झालं होतं. दोघं समोरासमोर बसून गायले, एक सुरात आणि एक कुजबुजत, आणि दोघं एकदमच उठले. एक जण शेताकडे उतरला, दुसरा नागपूरच्या गाडीत बसला.

"पोराले सांगजा, मी येऊन राहिलो म्हणून, असं म्हणत होते," ती म्हणाली.

त्यातला कोणता, असं मी विचारलं.

"ज्याले आवाज होता, तो."